दूध संस्थांच्या चेअरमन, संचालक आणि सचिवांना खुलं पत्र: आमच्या बायकांचे छप्पन्न दिवस

नमस्कार चेअरमनसाहेब, संचालक मंडळी आणि सचिवभाऊ,

मी राधानगरी तालुक्यातली. घरी दोन म्हशी आणि एक गाय, दोन टायमाचं मिळून बारा-तेरा लिटर दूध संस्थेत जातं. खातं मालकांच्या नावावर आहे पण धार काढणारी, वैरण आणणारी आणि किटली घेऊन लाईनीत उभी राहणारी मीच. हे पत्र कलेक्टरसाहेबांना न लिहिता तुम्हाला का लिहिलं असं कुणी विचारलं तर कारण साधं आहे, एखादी बाई चार दिवस डेअरीवर दिसली नाही तर ते सगळ्यात आधी तुमच्या सचिवाला कळतं, सरकारी दवाखान्याला फार उशिरा कळतं.

विषय पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग. संस्थेच्या कट्ट्यावर हा विषय कोण काढत नाही हे मला माहिती आहे, मीसुद्धा इतकी वर्षं काढला नाही, आता काढते.

आमची थोरली जाऊ, तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. २०१८ च्या दिवाळीपासून तिच्या अंगावरून मधेच लाल जायला लागलं, पाळीची तारीख नसताना. वय ४७, त्यामुळं सगळ्यांनी, तिनं स्वतःसुद्धा, पाळी जायची वेळ आली असंच धरलं. पुढं वास यायला लागला, कंबर दुखायला लागली. हे तिनं मला शिमग्याच्या आसपास सांगितलं, तेही गोठ्यात, धार काढताना, म्हशीच्या कुशीला डोकं टेकवून, माझ्याकडं न बघता. "कुणाला सांगू नगंस, आत्तीला तर अजिबात न्हाई." आत्ती म्हणजे आमच्या सासूबाई. मग जवळच्या एका दवाखान्यात तीन महिने गोळ्या आणि इंजेक्शनं झाली, रक्त थांबायच्या गोळ्या, ताकदीच्या गोळ्या. आतून एकदाही तपासलं नाही. डॉक्टर पुरुष होते, अक्कानं कदाचित तपासूही दिलं नसतं, पण निदान कोल्हापूरला लेडीज डॉक्टरला दाखवा एवढं सांगायला पाहिजे होतं. जूनमध्ये कोल्हापुरातल्या एका मॅडमनी तपासलं, तुकडा काढून पाठवला आणि थ्री बी स्टेज निघाली. म्हणजे गाठ पिशवीच्या तोंडातून बाहेर पडून कमरेच्या आतल्या भिंतीपर्यंत पोचलेली. ऑपरेशन करायची वेळ निघून गेली होती.

दिवाळी ते जून, मोजा तुम्हीच किती महिने झाले ते.

त्यानंतर मी जिथं मिळेल तिथं वाचायला आणि दिसेल त्या डॉक्टरला विचारायला लागले. हा आजार पहिल्या स्टेजला सापडला तर पाच वर्षांनंतरही दहातल्या आठ-नऊ बायका चांगल्या असतात. तिसऱ्या स्टेजला तेच निम्म्यावर येतं. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं याच थ्री बी स्टेजच्या ८५० बायकांचा अभ्यास २०१८ मध्ये छापला, नुसती लाईट, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी ४६ टक्के हयात होत्या आणि लाईटीबरोबर आठवड्याला एक केमो घेतलेल्यांपैकी ५४ टक्के. म्हणजे तिसरी स्टेज म्हटली की संपलं असं नाही, निम्म्याहून जास्त बायका जगतात, पण कुठल्या जगतात, तर ज्यांचा उपचार ठरल्यासारखा पुरा होतो त्या. देशभरात २०२२ या एका वर्षात अंदाजे सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा आजार नव्यानं झाला आणि जवळपास ८० हजार गेल्या. आपल्या देशातल्या ११ कॅन्सर नोंदणी केंद्रांची आकडेवारी आहे, २०१२ ते २०१५ मध्ये निदान झालेल्या बायकांची, त्यात पाच वर्षं जगलेल्या सरासरी ५१.७ टक्के, पण अहमदाबाद शहरात ६१.५ आणि त्रिपुरात ३१.६. आजार तोच, देश तोच. एवढा फरक नुसत्या गाठीनं पडत नाही हो, बाई कधी पोचली, किती लांबून पोचली, बरोबर कोण होतं, आणि सुरू केलेला उपचार शेवटपर्यंत नेता आला का, यानं पडतो.

उपचार कसा असतो ते सांगते, कारण घरच्यांनाच ते नीट माहिती नसतं. बाहेरून लाईट, ज्याला आपल्याकडं शेक पण म्हणतात, सोमवार ते शुक्रवार रोज एक, अशा साधारण २५. आठवड्यातनं एकदा केमोची सलाईन. आणि हे झालं की आतली लाईट, म्हणजे पिशवीच्या तोंडाशी नळी ठेवून थेट गाठीवर दिलेली, तीन-चार वेळा. ही आतली लाईट सगळ्यात महत्त्वाची, ती झाली नाही तर बाहेरच्या २५ घेऊन पण काम अर्धंच राहतं. आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सगळं आठ आठवड्यांत उरकायला लागतं. ५६ दिवस. त्याच्या पुढं जाईल तसा दर दिवसाला आजार ताब्यात राहायचा चान्स साधारण अर्धा ते एक टक्क्यानं कमी होतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. कारण मधे खंड पडला की उरलेल्या पेशी जोरात वाढायला लागतात. तुम्ही सगळे शेतकरी आहात, अर्धं रान भांगलून पंधरा दिवस सोडलं तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, भांगललेल्या सरीत पण परत तण आणि न भांगललेल्यात कमरेएवढं.

आता अक्काचे दिवस सांगते. आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागं कॅलेंडर असतं, त्यावर रोजच्या तारखेला दुधाचे लिटर लिहायची सवय. त्याच चौकटीत खाली मी अक्काच्या लाईटीची फुली मारायचे. पहिली फुली ३ जुलै २०१९. घरातनं सकाळी सहाला निघायचं, एसटीनं कोल्हापूर, तिथनं रिक्षा, नंबर लावायचा. जाऊन येऊन शंभराच्या वर किलोमीटर आणि मशीनखाली पाच-दहा मिनिटं. लाईटीच्या आधी लघवीला जाऊन यायचं, मग अर्धा-पाऊण लिटर पाणी पिऊन तुंबवून धरायचं, मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात आणि त्यांना लाईट कमी लागते म्हणून. नंबर लांबला की ती बाकड्यावर गुडघे जवळ घेऊन बसायची, घामाघूम व्हायची, पण उठायची नाही. तिसऱ्या आठवड्यात जुलाब लागले, तेही या उपचारात होतातच, आणि मग परतीच्या एसटीत दीड-दोन तास काढायचे. एक दिवस ती म्हणाली, "मी उद्या न्हाई येत, गाडीत काय झालं तर तोंड कुठं लपवू." त्या दिवशीची फुली नाही. आणखी एक फुली नाही ती हिमोग्लोबिन कमी झालं म्हणून, रक्त चढवायला लागलं. २ ऑगस्टपर्यंत २१ फुल्या झाल्या.

मग पूर आला. २०१९ चा पूर तुम्हाला आठवत असेलच, पंचगंगा, भोगावती, हायवेसुद्धा बंद. कॅलेंडरवर त्या आठवड्यात दुधाचे लिटर पण नाहीत आणि फुली पण नाही, दोन्ही कोरं. पाणी उतरलं, आणि माझं सगळं पत्र ज्याच्यासाठी आहे ती गोष्ट इथं आहे. रस्ता निम्मा खुला झाला त्या दिवशीच संध्याकाळी सचिवांचा फोन आला की उद्यापासून संकलन चालू, टेम्पो दुसऱ्या वाटेनं येणार, दूध घेऊन या. दुसऱ्या दिवशीपासून कॅलेंडरवर लिटर परत सुरू. फुली सुरू झाली २२ ऑगस्टला. मधे तो आठवडा-दीड आठवडा का गेला? भिंत पडली होती, वैरण कुजली होती, गाय आजारी, आणि अक्काचं रक्त जायचं थांबलं होतं. "थांबलंय की आता, बरी हाय मी, कशाला पैसं घालवताय." आत्ती म्हणाल्या, बरी आहे तर राहू दे चार दिवस, माणसं कमी आहेत घरात. मीसुद्धा गप्प बसले. हे मी लिहिते कारण हे घराघरात होतं. दोन-तीन आठवडे लाईट झाली की रक्तस्राव बहुतेक थांबतो, बाईला हुशारी वाटते, आणि घरच्यांना वाटतं आजार गेला. गाठ तिथंच असते.

राहिलेल्या चार लाईटी २७ ऑगस्टला संपल्या. मग आतली लाईट. ती लगेच घ्यायला पाहिजे होती तर पुढं गणपती, मग गौरी, थोरल्या सुनेनं गौरी आणायची म्हणून थांबलो. शेवटची फुली २३ सप्टेंबर. मोजून ८३ दिवस. ५६ च्या जागी ८३.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास परत उलटलं आणि २०२१ च्या संक्रांतीच्या आधी अक्का गेली. ५६ दिवसांत झालं असतं तर वाचली असती असं मी म्हणत नाही, थ्री बी होती, रक्त कमी होतं, असं छातीठोक कोणच सांगू शकत नाही. पण तिच्या वाट्याचा जेवढा चान्स होता तेवढा तरी तिला पुरा मिळायला पाहिजे होता, आणि तो डॉक्टरांनी घालवला नाही, मशीननं घालवला नाही. तो वैरणीत, धारेत, एसटीत आणि लाजेत गेला.

पैशाचं पण सांगते. उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला, लाईटीचे केमोचे पैसे द्यायला लागले नाहीत, योजनेचे उपकारच. पण रोज दोन माणसांचं तिकीट, रिक्षा, खाणं, बरोबर जाणाऱ्याचा बुडालेला रोज, आणि दूध. अक्का काढायची त्या म्हशीला दुसऱ्याचा हात चालायचा नाही, पान्हा सोडायची नाही, आठवड्यात दूध निम्म्यावर. बिल दर दहा दिवसांचं, तिसरं बिल बघून थोरल्या भावजींनी म्हैस विकायला काढली. ज्या दिवशी गिऱ्हाईक आलं त्या दिवशी अक्का मला म्हणाली की माझ्यामुळं गोठा मोडला. बाईच्या डोक्यात हा हिशोब चालू असतो बघा, लाईटीला जाताना पण. साडेतीन वर्षांनी सरकारनं बायकांना एसटीचं अर्धं तिकीट केलं, मार्च २०२३ पासून, चांगलंच झालं, पण धार कोण काढणार हा प्रश्न अर्ध्या तिकिटानं सुटत नाही.

तो तुम्ही सोडवू शकता. म्हैस गाभण राहत नाही असा नुसता फोन केला तर डॉक्टर दारात येतो, ही सोय सहकारानं केली आणि त्याच्यावरच आमची घरं उभी राहिली, मला त्याचा अभिमान आहे. तसंच, संस्थेतल्या सभासदाच्या घरातल्या बाईची लाईट सुरू झाली की आठ आठवडे तिच्या गोठ्याची जबाबदारी संस्थेनं उचलावी. गावात दोन टायमाची धार काढून देणारी पोरं-माणसं असतात, त्यांचा रोज संस्थेनं द्यावा, पुढं दिवाळीला मिळणाऱ्या दूध दराच्या फरकातनं कापून घेतला तरी चालेल. दूध कमी पडलं म्हणून उचल अडवू नये, उलट बिनव्याजी उचल द्यावी, म्हणजे उपचाराच्या मधेच म्हैस विकायची पाळी येणार नाही. आणि सचिवभाऊ, तुम्ही दुधाचं मांडता तसं तिच्या लाईटीचं पण मांडा. आज का गेली नाही, एवढं विचारणारं घराबाहेरचं एक माणूस असलं ना तरी बराच फरक पडतो, कारण सासूला आणि नवऱ्याला घरातली बाई सांगू शकत नाही की मला जायचंय.

राहायची सोय हा तर फार मोठा विषय आहे. चंदगडची बाई रोज कोल्हापूरला जाऊन येऊन करूच शकत नाही, शंभरच्या वर किलोमीटर नुसतं जायलाच. गगनबावडा, शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाड्यांचं तेच. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं, गावाकडची पोरं राहायची सोय नाही म्हणून शिकायची थांबू नयेत म्हणून, आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. त्याच शहरात लाईटीला येणाऱ्या बायकांसाठी दहा-वीस कॉटांची एक जागा सगळ्या संस्थांनी मिळून चालवायला काय हरकत आहे? स्वच्छ संडास, मऊ भात-ताक मिळेल असं स्वयंपाकघर, आणि दवाखान्याला नेणारी एक गाडी. पावसाळ्यात तर हे पाहिजेच. जुलै-ऑगस्टमध्ये ज्या बाईची लाईट चालू आहे तिला पाणी चढायच्या आधी शहरात हलवा, जनावरं हलवता तशीच, वेळेवर.

रक्ताचं पण बघा. अंगात रक्त कमी असेल तर गाठीला ऑक्सिजन कमी पोचतो आणि ऑक्सिजन नसेल तर लाईट नीट लागू पडत नाही, म्हणून डॉक्टर हिमोग्लोबिन दहाच्या वर ठेवायला बघतात. अक्काचं सुरुवातीला ७.२ होतं. गावात तालमीची पोरं वाढदिवसाला, जयंतीला रक्तदान करतातच, त्यातल्या चार-पाच जणांची नावं तुमच्याकडं असली तर नातेवाइकांना ऐनवेळी पळापळ करायला लागणार नाही. गाठीनं लघवीची नळी दाबून किडनी सुजली तर केमो देताना अडचण येते, शुगर असेल, एचआयव्ही असेल, आजार लसिकाग्रंथींत म्हणजे आजूबाजूच्या छोट्या गाठींत गेला असेल तर अवघड होतं, ते सगळं डॉक्टरांचं काम, त्यात आपण काय बोलणार.

एक गोष्ट मात्र मोठ्यानं सांगायची आहे. आपल्याकडं पांढरं जातंय, पाळी जास्त जातीय म्हटलं की पिशवी काढून टाका असं सहज होतं. आधी तोंडाची तपासणी न करता पिशवी काढली आणि नंतर रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला तर पुढचा उपचार अवघड होऊन बसतो, कारण कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं असतं, आजूबाजूचा भाग आणि गाठी धरून मोठं करायला लागतं. हे ऊसतोडीला बाहेरनं येणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर जास्तच बघायला पाहिजे, बीडकडच्या कितीतरी बायकांच्या पिशव्या कमी वयात काढल्याचं २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं, त्याच बायका हंगामात आपल्या कारखान्यांच्या फडात असतात. तुमच्यातले निम्मे संचालक कारखान्याचे पण सभासद आहात, तिथं पण हा विषय काढा.

आणि हा आजार छुपा नाही हो, कॅन्सर व्हायच्या आधी कित्येक वर्षं पिशवीच्या तोंडावर बदल तपासणीत दिसू शकतात. एचपीव्ही नावाच्या विषाणूनं होतो, त्यातले १६ आणि १८ नंबरचे दोन प्रकार दहातल्या सात जणींच्या आजाराला कारण. बाईचं चालचलन वाईट म्हणून होतो असं बोलणाऱ्यांनी तोंड आवरावं, संसार करणाऱ्या बहुतेक बाई-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी होऊन जातो. ताट-वाटी वेगळी करायची पण गरज नाही, जेवण्यानं शिवण्यानं पसरत नाही, बाहेरची लाईट घेतलेल्या बाईजवळ नातवंडं बसली तरी काही होत नाही. अक्काचं ताट आमच्या घरात सहा महिने वेगळं होतं, ते मीच घासून वेगळं ठेवायचे, मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आपल्याच महाराष्ट्रात, उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला होता. ज्या गटातल्या बायकांची एचपीव्हीची तपासणी आयुष्यात फक्त एकदा केली त्या गटात या आजारानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, २००९ साली छापून आलंय. शेजारच्या बार्शीत १९८७ पासून गावागावातल्या कॅन्सरच्या नोंदी ठेवतात. तिथं जमतं ते आपल्याकडं, जिथं घरटी दूध संस्थेत खातं आहे, तिथं का जमू नये. सरकारी आरोग्य मंदिरात तीस वर्षांपुढच्या बायकांची व्हिनेगर लावून करायची साधी तपासणी असते, पाच मिनिटांची. संस्थेच्या हॉलमध्ये पडदे लावा, सिस्टर आणि आशाताईंना बोलवा, पुरुषांना त्या दिवशी वर येऊ देऊ नका. दूध घालायला बाई येतेच. लसीचं पण विचारा, पुण्याच्या सिरममध्ये २०२३ पासून तयार होते, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना दिली की सगळ्यात चांगलं, माझ्या पुतणीच्या लेकीला आम्ही दिली.

वार्षिक सभेला मी दरवर्षी मागच्या रांगेत बसते, बोललेली कधी नाही. या वेळी हा विषय आयत्या वेळच्या विषयात ढकलू नका, नोटिशीत नंबर देऊन घ्या, आणि खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याबरोबर धार काढणाऱ्या बायकांनाही बोलवा. २०१९ चं ते कॅलेंडर मी अजून ठेवलंय, लिटर आणि फुल्या एकाच चौकटीत आहेत, ते घेऊन येते. सभा सकाळी दहानंतर ठेवा म्हणजे धार काढून यायला होईल.

आपली,
राधानगरी तालुक्यातली एक दूध उत्पादक